नाशिकरोडचा की सातपूरचा?

आमच्या क्लबच्या हॉकी संघाची सध्या अशी अवस्था आहे, की सामना संपला की कोणी स्कोअर विचारत नाही. "किती खाल्ले?" एवढंच विचारतात. गेल्या सहा सामन्यांत एक जिंकला, एक बरोबरीत सुटला, बाकी चार गेले. संघ हरायला लागला की पहिलं बोट गोलीकडे, म्हणजे गोलकीपरकडे, जातं, ही जुनीच रीत. फॉरवर्डने रिकाम्या गोलासमोरून बाहेर घालवलेला चेंडू चहाच्या दुसऱ्या घोटाला विसरला जातो. गोलीच्या पायांतून गेलेला मात्र महिनाभर पुरतो.

गोली आमच्याकडे दोन आहेत. नावं लिहीत नाही, कारण दोघंही हे वाचणार. तसंही मैदानावर त्यांना राहत्या भागावरूनच ओळखतात: नाशिकरोडचा आणि सातपूरचा. रविवारी कोणाला उतरवायचं ते आमच्या प्रशिक्षक सरांना ठरवायचंय. मी बारा वर्षं गोलात काढली आणि गुडघ्यांनी नाही म्हटल्यावर थांबलो, म्हणून त्यांनी मला विचारलंय. तोंडी सांगायची सोय नाही. मैदानाच्या कडेला कडुनिंबाखालच्या बाकावर बसणारी मंडळी, म्हणजे नोट प्रेसमधून निवृत्त झालेले दोन काका, ओझरच्या एचएएलमधले एक आणि सिडकोतले, मूळचे जळगावचे एक, कोणाचंच वाक्य पुरं होऊ देत नाहीत. म्हणून लिहून देतोय.

नाशिकरोडचा सहा फुटांच्या वर आहे. आर्टिलरी सेंटरच्या बाजूला वाढला, फौजी लोकांचा खेळ बघत शिकला. नुसता पॅड बांधून चालत आला तरी समोरच्या संघातलं एखादं पोरगं गप्प होतं. सातपूरचा त्याच्या खांद्याला लागतो. दिवसभर आयटीआय, संध्याकाळी सराव. हेल्मेट घातलं की डोकं मोठं आणि अंग लहान, असं काहीतरी गमतीशीर दिसतं. दिसण्यावरच निवड करायची असती तर हे सगळं लिहायची गरज नव्हती.

बाकावरचा पहिला मुद्दा अर्थातच उंचीचा, आणि तो वाऱ्यावर सोडून देण्यासारखा नाही. हॉकीचा गोल ३.६६ मीटर रुंद आणि २.१४ मीटर उंच. म्हणजे जवळपास आठ चौरस मीटर जागा एकट्याने झाकायची. नाशिकरोडच्याने हात वर केला की त्याचा हात वरच्या दांडीला टेकतो. सातपूरच्याला उडी मारावी लागते, आणि स्टिकच्या बाजूचा, म्हणजे उजवा वरचा कोपरा त्याचा उघडाच असतो. हे त्यालाही माहीत आहे. सरावात त्या कोपऱ्यात कोणी चेंडू टाकला की तो चिडतो.

पण आपण गोल खातो कुठून? मी सहाही सामन्यांचे गोल वहीत मांडून बघितले. वरच्या कोपऱ्यात गेलेला गोल एकच निघाला. निम्म्याहून जास्त गोल शॉर्ट कॉर्नरचे (बचावाची चूक झाली की समोरच्या संघाला मागच्या रेषेवरून मिळणारी संधी), आणि त्यांतलेही बहुतेक पहिल्या फटक्यावरचे नाहीत. पहिला फटका अडवला, चेंडू समोर पडला, आणि समोरच्याने तो ढकलला. उरलेल्यांतले बरेच असे, की फुल बॅकला वाटलं गोली येतोय आणि गोलीला वाटलं फुल बॅक घेतोय. चेंडू बिचारा दोघांच्या मधून निघून गेला.

इथे थोडं थांबायला हवं, कारण सगळा वाद शॉर्ट कॉर्नरपाशी येऊन अडतो. नियम असा आहे, की कॉर्नरवरचा गोलाकडे मारलेला पहिला फटका जर हिट, म्हणजे स्टिक फिरवून मारलेला, असेल, तर गोलरेषा ओलांडताना चेंडू ४६० मिलिमीटरपेक्षा वर नको. गोलाच्या तळाशी जी फळी असते तिच्याच उंचीत तो हवा. ड्रॅग फ्लिकला, म्हणजे चेंडू स्टिकने ओढत आणून उचलून फेकण्याला, हे बंधन नाही, ती कुठल्याही उंचीवर जाऊ शकते. त्यामुळेच वरच्या हॉकीत लांब हातांच्या गोलीला एवढा भाव आहे. तिथे प्रत्येक संघात एक-दोन तरी फ्लिकर असतातच. आपल्याकडे काय चित्र आहे? खरी, ओढून काढलेली ड्रॅग फ्लिक मारणारा खेळाडू आपण खेळतो त्या संघांपैकी एखाद्याकडेच. बाकीचे दणकून हिट मारतात. ती हिट खालून येते, तिला उंची कामाची नाही. तिला पाय लागतो, आणि तो पाय नेमका कुठल्या कोनात लागतो ते महत्त्वाचं.

नाशिकरोडचा पहिला फटका सातपूरच्यापेक्षा चांगला अडवतो, यात शंका नाही. मागच्या महिन्यात त्याने अडवलेले दोन फटके सातपूरच्याने खाल्ले असते, हे मी कागदावर सही करून देतो. पण तो भिंतीसारखा अडवतो. चेंडू पॅडला लागून दोन-तीन पावलांवर पडतो, आणि त्या जागी समोरचा फॉरवर्ड स्टिक टेकवून वाट बघत उभा असतो. सातपूरचा किकर, म्हणजे बुटावरचं जाड पॅड, तिरका लावतो. चेंडू बाजूला, डीच्या, म्हणजे गोलासमोरच्या अर्धवर्तुळाच्या, कडेकडे जातो. सुंदर दिसत नाही, टाळ्या पडत नाहीत, पण दुसरा फटका येत नाही. मुरमाच्या मैदानावर चेंडू कुठे उडेल याचा नेम नसतो. अशा मैदानावर वाढलेली पोरं चेंडू अंगापासून लांब घालवायला आपोआप शिकतात. स्लाइड करायची तर मांडी सोलून निघते, म्हणून पायांवर उभं राहायलाही शिकतात. टर्फवर हाच हिशेब उलटा होतो. पिंपरीच्या नेहरूनगरच्या टर्फवर खेळायचं असेल, तर मी डोळे मिटून नाशिकरोडच्याला घेईन. लांब पाय पसरून ओल्या टर्फवर तो जे करतो ते बघण्यासारखं असतं.

आता आवाज. माझ्या मते हाच मुख्य मुद्दा, आणि बाकावर त्याची सगळ्यात कमी चर्चा होते.

कॉर्नरच्या वेळी गोली धरून पाचच जण मागच्या रेषेमागे असतात, बाकीचे अर्ध्या रेषेपलीकडे. चेंडू ढकलला गेला की पहिला धावणारा कोण, पोस्टवर कोण, सुटलेला चेंडू कोणाचा, हे क्षणात ठरायला लागतं, आणि सगळं समोर दिसत असतं फक्त गोलीला. सातपूरचा सतत ओरडतो. "डावा धर! पाय हलव! सोड, माझा!" सामना असला की रस्त्यावरून जाणाऱ्याला कळतं आमची बचावफळी काय करतेय. नाशिकरोडचा गप्प. चांगल्या घरचा, मृदू पोरगा आहे, वयाने मोठ्या फुल बॅकवर ओरडायला त्याला संकोच वाटतो. "तू घे, तू घे" वाले जे गोल वहीत आहेत, ते एक सोडून सगळे तो गोलात असतानाचे.

एचएएलच्या काकांनी यावर जो मुद्दा काढला तो खरंच वजनदार आहे. "उंची शिकवता येत नाही, आवाज शिकवता येतो. मग ज्याच्याकडे न शिकवता येणारी गोष्ट आहे त्याला घ्या आणि दुसरी शिकवा." ऐकून मी दोन दिवस गप्प होतो. पण आपण तीन वर्षं शिकवतोय ना? सरावात ओरडतो, सामन्यात पुन्हा गप्प. पुढच्या वर्षी येईलही आवाज. गुणतक्ता मात्र या वर्षीचा आहे.

प्रेसचे काका उंचीच्या बाजूने भारताचा गोली श्रीजेश याचं नाव घेतात. गंमत अशी, की मी आवाजाच्या बाजूने त्याचंच घेतो. पॅरिस ऑलिम्पिकला २०२४ मध्ये ब्रिटनविरुद्धच्या उपांत्यपूर्व सामन्यात भारताच्या अमित रोहिदासला दुसऱ्याच क्वार्टरमध्ये लाल कार्ड मिळालं. उरलेला सामना दहा जणांनी रेटला, १-१ बरोबरी राखली आणि शूटआउट ४-२ जिंकला. त्या दिवशी श्रीजेशने अडवलेले फटके सगळ्यांना आठवतात. मला आठवतं ते त्याचं हातवारे करत, ओरडत लोकांना जागेवर ठेवणं. एक माणूस कमी असताना ती भोकं कोणी बुजवली? दुसरे प्रेसचे काका आणखी मागे जातात, शंकर लक्ष्मणपर्यंत. महूचा माणूस, मराठा लाइट इन्फन्ट्रीतला, १९५६, १९६० आणि १९६४ अशी तीन ऑलिम्पिक भारताच्या गोलात उभा राहिला आणि पुढे भारताचा कप्तान होणारा पहिला गोली ठरला. १९६४ ला टोकियोत पाकिस्तानविरुद्धची फायनल भारताने १-०ने जिंकली. काकांचं म्हणणं असं, की हेल्मेट नसताना लक्ष्मण उभा राहायचा आणि आताची पोरं पॅडच्या पट्ट्यांची तक्रार करतात. त्याचा आमच्या प्रश्नाशी संबंध नाही. पण एक गोल मारून सामना काढायचा तर मागे शून्य लागतं, एवढं त्यातून मी उचललं, कारण आमचे फॉरवर्ड सध्या सामन्याला एकाच्या वर जात नाहीत.

पेनल्टी स्ट्रोकला, म्हणजे एकट्या गोलीसमोर मारायच्या फटक्याला, दोघंही सारखेच, नाणं उडवा.

शूटआउटला मात्र सरळ नाशिकरोडचा. २३ मीटरच्या रेषेवरून आठ सेकंदांत समोरच्याला गोल करायचा असतो. त्या आठ सेकंदांत जो गोली आधी जमिनीवर पडला तो संपला. नाशिकरोडचा पडत नाही. मागे सरकत राहतो, हात पसरतो, समोरच्याचे सेकंद खातो. सातपूरचा तिसऱ्या सेकंदाला अंगावर झेप घेतो, कधी चेंडू मिळतो, कधी स्ट्रोक जातो. शूटआउटसाठी दुसरा गोली उभा करता येतो. म्हणजे ही गोष्ट सामन्याच्या निवडीत मिसळायचं कारणच नाही.

जळगावच्या काकांचा तोडगा सगळ्यांना आवडण्यासारखा आहे. "भांडता कशाला भो? अर्धा याला, अर्धा त्याला." आणि तो हास्यास्पदही नाही. खेळाडू कितीदाही बदलता येतात, आणि भारतीय संघानेही श्रीजेश आणि कृष्ण पाठक यांना प्रो लीग या आंतरराष्ट्रीय स्पर्धेत क्वार्टरप्रमाणे आलटून पालटून उतरवलेलं आहे. पण त्यांची बचावफळी वर्षभर शिबिरात दोघांच्याही मागेपुढे वावरते. आमचे फुल बॅक मंगळवार-गुरुवारी येतात, त्यातही एकाची शिफ्ट असली की येत नाही. त्यांना एकाच आवाजाची, किंवा एकाच शांततेची सवय होऊ दे. शिवाय व्यवहाराची अडचण: क्लबकडे धड असा पॅडचा जोड एकच आहे, जालंधरहून आणलेला, आणि तो नाशिकरोडच्याच्या मापाचा. सातपूरचा तोच घालून खेळतो. वरचा भाग मांडीत रुततो, पट्टे शेवटच्या भोकाला. दोन मिनिटांच्या ब्रेकमध्ये एकाच्या पायातून काढून दुसऱ्याला बांधून होतील? मी बांधून बघितलेत. होत नाहीत.

आता रविवारचा खरा पेच. समोर देवळालीकडचा फौजी संघ आहे, आणि ज्या एकाच संघाकडे अस्सल ड्रॅग फ्लिकर आहे असं वर म्हटलं, तो हाच. बाकावर हे कळल्यापासून नाशिकरोड पार्टीची छाती फुगली आहे. त्यांचं चुकत नाही. कॉर्नर मिळाला आणि फ्लिक उजव्या वरच्या कोपऱ्यात गेली, तर सातपूरचा ती खाईल. मी तरीही सातपूरच्याच बाजूने आहे. तो डीमधून पुढे येतो, फुल बॅकला आधी ओरडून सावध करतो, आणि आपल्या बचावाच्या पायाला चेंडू लागून जाणारे निम्मे कॉर्नर मुळात होऊच देत नाही. फ्लिकर कितीही भारी असो, कॉर्नरच मिळाले नाहीत तर तो मधल्या फळीतला एक साधा हाफ. चारऐवजी दोन कॉर्नर दिले आणि त्यांतला एक खाल्ला, तर तो सौदा मला चालेल. बाकावर तो एक गोल आठवडाभर गाजेल, तेवढी तयारी सरांनी ठेवावी.

म्हणून सर, माझं मत: सातपूरचा, आणि सलग पाच सामने. पहिल्यात चार खाल्ले तरी पाच. दर पराभवानंतर गोली बदलला की दोघंही फटका न बघता बाकाकडे बघायला लागतात, आणि या मोसमात ते सुरू झालंय. शूटआउट आणि टर्फ, या दोन वेळा नाशिकरोडचा.

त्याला नुसतं बसवून मात्र ठेवू नका. २०२३ च्या विश्वचषकात न्यूझीलंडविरुद्ध शूटआउट चालू असताना श्रीजेश जखमी झाला आणि पाठकला तिथल्या तिथे उतरावं लागलं. भारत तो ४-५ने हरला. दुसऱ्या गोलीचा दिवस सांगून येत नाही. नाशिकरोडचा एकवीस वर्षांचा आहे, आणि गोली उशिरा पिकतो. श्रीजेश भारताकडून २००६ पासून खेळत होता आणि पॅरिसला ३६ व्या वर्षी उभा होता. सरावात फुल बॅकना रोज अर्धा तास याच्याच हाताखाली द्या, आणि ओरडल्याशिवाय चेंडू सुरू करू नका.

पॅडचे पट्टे शनिवारपर्यंत मोच्याकडून दोन भोकं वाढवून आणायचे आहेत, ते मी करतो.

आणि नाशिकरोडच्याला हे तुम्ही स्वतः, शुक्रवारी सांगा. रविवारी सकाळी नको. मला एकदा मैदानावर सांगितलं होतं, पॅड बांधून झाल्यावर, बाकीचे वॉर्मअपला पळत असताना. थंडीचे दिवस होते, बोटं आखडलेली. ते पट्टे सोडायला मला फार वेळ लागला, आणि तोवर सामना सुरूही झाला होता.