46 नगांची पेटी अन् 19 चा नट: गाडीत ठेवाले स्वस्तातले पाने कोणते घ्याचे

आधी सरळच सांगून टाकतो. ऑनलाइन जी 46 नगांची सॉकेट पेटी मिळते ना, निळ्या नाहीतर हिरव्या प्लास्टिकच्या डब्यातली, आतमध्ये रॅचेट (एकाच दिशेनं पकडणारा दांडा), बारक्या बारक्या गोट्या (नटावर बसणारे सॉकेट) अन् ढीगभर बिट (स्क्रू खोलाचे टोकं), ती जर तुम्ही डिक्कीत टाकून निवांत झोपत असाल तर आजच उघडून त्यातली सगळ्यात मोठी गोटी किती नंबरची आहे ते वाचा. माह्या पेटीतली 14 ची, म्हणजे 14 मिलीची निघाली. अन् माह्या जुन्या अल्टोचा चाकाचा नट 19 चा. हे मले दुकानात नाही कळलं, घरी नाही कळलं, घाटंजीहून पांढरकवड्याकडं येताना रात्री साडेनवाले रस्त्याच्या कडेला कळलं.

दिवाळी होऊन आठ-दहा दिवस झाले होते, सासरवाडीचा कार्यक्रम आटपून येत होतो, गाडीत घरचे, आई अन् दोन्ही पोट्टे. मागचं डावं चाक बसलं. टिपेश्वरचं जंगल त्या बाजूलेच, वाघ रस्त्यावर येऊन गेल्याच्या गोष्टी इकडं प्रत्येकाजवळ आहेत, त्यामुळं आईनं आधीच काचा वर करून घेतल्या अन् मले म्हणे लाईट बंद नको करू. मी आपला ऐटीत पेटी काढली. मोबाईलच्या उजेडात एकेक गोटी नटावर लावून पाहतो, 12 नाही, 13 नाही, 14 नाही, अन् त्याच्या पुढं डब्यात खाचाच नाहीत. बायको काचेतून पाहून राहिली होती, ती म्हणे "एवढ्या डब्ब्यात एकबी बसत नाही काय?" काय सांगावं तिले.

कंपनीचा चाकपाना कुठं होता विचाराल तर तो दोन वर्षांआधी कोणीतरी ट्रॉलीचे नट खोलाले नेला अन् तो आलाच नाही. आपल्याकडं पाना अन् छत्री हे वापस येत नाही.

आधी एक ट्रक थांबला, चांगला माणूस होता, पण त्याचा पाना पडला ट्रकच्या नटाचा, आपला नट त्यात पुरा बुडून जाते. मग अर्ध्या घंट्यानं कापूस भरलेली बोलेरो पिकअप आली, जिनिंगवर माल टाकाले चालली होती. त्या दादानं सीटमागून चार तोंडांचा क्रॉस पाना काढला, 17-19-21-23, गंजलेला, एका हातावर पट्टी बांधलेला, अन् नट बोलायच्या आत ढिले केले. पैसे देऊ लागलो तर घेतले नाहीत, फक्त म्हणे "भाऊ, पेटी नका ठेवू, पाना ठेवा."

घरी आल्यावर पेटीबद्दल नीट डोकं लावलं. तिची रॅचेट पाव इंची ड्राइव्हची. म्हणजे गोटीत जो चौकोन घुसते तो फक्त पाव इंचाचा, साडेसहा मिलीच्याही आत. चाकाच्या नटाले छोट्या गाडीत 85 ते 100 न्यूटन मीटरच्या (पिळाची ताकद मोजाचं माप) आसपास ताकद लागते, अन् टायरवाल्यानं हवेच्या गननं कसला असेल तर खोलाले त्याहून कितीतरी जास्त. समजा 19 ची गोटी शोधून त्या रॅचेटले लावलीही असती तर आतले दात पहिले गेले असते. म्हणजे पेटी खराब आहे असं मी म्हणत नाही, मिक्सर खोलाले, पोराची सायकल, फवारणी पंपाचे क्लॅम्प याले मस्त आहे. पण तिच्यावर गाडीचा फोटो छापून इमर्जन्सी किट लिहून विकून राहिले हे मले पटलं नाही, अन् वापस कराची मुदत तर कवाच निघून गेली होती. 750 रुपये गेले.

मग यवतमाळले गेलो तेव्हा हार्डवेअरच्या दुकानात जाताना शर्टाच्या खिशात चाकाचा एक नट घेऊन गेलो. स्टेपनीच्या कामात मिस्त्रीजवळून एक जास्तीचा मागून ठेवला होता. दुकानदार हसला, म्हणे एक चाक खोलूनच आले का काय. हसू दे. पण हा नट खिशात होता म्हणूनच काम झालं, कारण त्यानं पहिले जो क्रॉस पाना दिला त्याच्यावर 19 ठोकलेलं होतं अन् नट आत टाकून हलवला तर खुळखुळत होता, जसं कुलपात दुसरीच किल्ली. असा पाना नटाचे कोपरे खाते, दोन-तीनदा घसरला की नट गोल, मग वेल्डिंगवालाच बोलवा. दुसरा काढाले लावला, तो हातात घेतला तरी वजन लागत होतं, किलोच्या वरच असंन, नट आत गेला अन् हलला नाही. पहिला 220 ले, दुसरा 380 ले. 160 रुपयांचा फरक. घेतला.

क्रॉस पाना काहून चांगला ते सांगतो, कारण खूप जण एल टाईपचाच घेतात. एल मध्ये ताकद एकाच बाजूनं लागते, पाना नटावरून निसटाले पाहते, एका हातानं तोंडाजवळ दाबून धरा अन् दुसऱ्यानं ओढा. क्रॉस मध्ये दोन्ही हात लागतात, एक ओढते एक ढकलते, पाना सरळ राहते. माह्या 14 इंची पान्याचा हात मधातून 7 इंच भरते, दोन्ही हातांनी तीस-तीस किलोचा जोर दिला तरी 100 न्यूटन मीटरच्या वर हिशेब जाते, म्हणजे नीट कसलेला नट घरच्या बाईमाणसालेही खोलता येईल. मी बायकोले खोलाले लावलाच, तिनं चारही खोलले, अन् मग म्हणे आता पेटीतल्या 46 पैकी किती विकणार.

पण पहिल्या दिवशी अंगणात ट्रायल घेतली तेव्हा समोरच्या चाकाचा एक नट काही केल्या हलेना. हा टायरच्या दुकानात गननं कसलेला. क्रॉसवर पाय देऊन उभं राहणं मले आवडत नाही, पाना सटकला की नडगी फुटते. मग बोअरच्या जुन्या जीआय पाइपाचा दोन फुटी तुकडा क्रॉसच्या एका हातात घातला अन् हळूच दाबला, कर्र करून आवाज आला अन् सुटला. हा पाइप आता गाडीतच असते. फक्त खोलाले हां, कसाले पाइप लावला तर स्टड (नट ज्यावर चढते तो आट्यांचा दांडा) तुटते, मग चारच्या ठिकाणी तीन नटांवर घरी या. कसताना गाडी जॅकवर असताना हातानं बसवाचे, समोरासमोरचे आडवेतिडवे, मग चाक जमिनीले टेकल्यावर पान्यानं कसाचे. खोलतानाही तसंच, चाक जमिनीवर असतानाच ढिले कराचे, वर उचलल्यावर जोर लावाल तर गाडीच जॅकवरून पडंल.

जॅकचं निघालं म्हणून, आपली माती काळी. त्या रात्री रस्त्याच्या साईडपट्टीवर जॅक लावला तर गाडी वर याची जागा जॅकच खाली जात होता, वरून पाऊस होऊन गेलेला. पिकअपवाल्या दादानं फाळक्याचं फळकुट दिलं खाली ठेवाले तेव्हा जमलं. मी आता बाभळीची फूटभर चौकोनी फळी ठेवतो, दोन इंच जाड. सुतारानं फुकट दिली, कारण गाठ होती तिच्यात.

आता बारके पाने. इथं माही चूक अशी झाली की मी आधी दुमुखी (दोन्ही टोकाले उघडं तोंड असलेल्या) पान्यांचा सेट पाहत होतो, 6-7 पासून 20-22 पर्यंत आठ नगांचा, कारण शेतावर तोच असते अन् डोळ्याले तोच ओळखीचा. पण दुमुखी पाना नटाच्या दोनच बाजू धरते. जाम झालेल्या नटावर लावला की तोंड जरासं फाकते अन् नट घासला जाते. रिंग पाना सगळे कोपरे धरते, पण अडचणीच्या जागी वरून घालाले जागा पाहिजे. म्हणून एका बाजूनं रिंग अन् दुसऱ्या बाजूनं मुख असलेला कॉम्बिनेशन पाना घेतला, ढिला रिंगनं कराचा, मग मुखानं भरभर फिरवाचा. मुखाची मान 15 अंशात तिरपी असते ती उगीच नाही, अडचणीत पाना उलटा करून लावला की पुढचा घेर मिळते.

सेट मात्र घेतला नाही. सुटे घेतले, 10, 12, 14 अन् 17. मारुतीत बहुतेक काम यातच निघते, बॅटरीच्या टर्मिनलचा नट 10 चा, ढिला झाला की गाडी कटकट करते अन् चालू होत नाही, अन् आपण स्टार्टर गेला म्हणून हजार रुपये घालतो. तुमच्याकडं टाटा किंवा महिंद्राची गाडी असंन तर 13 चाही घ्या, त्यांच्यात तो ठिकठिकाणी भेटते. चाकाच्या नटाचंही असंच, मारुतीत 19 असते तर ह्युंदाईत बहुतेक 21, अन् अलॉयचे रिम बसवले असतील तर नटच वेगळे येतात. म्हणून तर क्रॉस, त्याले चार तोंडं. चार सुटे पाने मिळून 430 रुपये झाले, तापडियाचे घेतले. नाशिकच्या सातपूरमधली कंपनी, आमच्या गावातल्या मोटर रिवाइंडिंगवाल्याकडं बाबांच्या वेळचे तेच पाने अजून चालू आहेत, तेव्हा मी जास्त डोकं चालवलं नाही. दुकानात जालंधर-लुधियानाकडचा बिननावाचा मालही होता, निम्म्या भावात, अन् सगळाच वाईट असते असं नाही, हातात घेऊन मुखाच्या आतल्या कडा पाहाच्या, सरळ अन् साफ असल्या तर ठीक, वेड्यावाकड्या, चमकदार पॉलिश साचून गोल झालेल्या असल्या तर ठेवून द्याच्या. "क्रोम व्हॅनेडियम" (मजबूत पोलादाचं नाव) ठोकलेलं असते त्यावर भरवसा नका ठेवू, ठसा ठोकाले काय लागते.

स्क्रू पाना, तो तोंड लहानमोठं कराचा, तो घेऊ नका असं मी नाही म्हणत, मी पण एक 8 इंची ठेवला आहे. पण चाकाच्या नटाले तो लावाचा नाही. शेजारच्या काकांनी लावला होता, नट रिमच्या खोलगट भागात असते, पाना अर्धाच बसला, अन् जोर दिल्यावर त्याचं हलतं तोंड ढिलं झालं, दोन नट गोल. तो फक्त बॅटरीची पट्टी, सायलेन्सरचा क्लॅम्प, असल्या हलक्या कामाले.

आता घेऊन चार महिने झाले. तक्रारी आहेत. क्रॉस पाना डिक्कीत कसाही ठेवला तरी आडवा येते, आईच्या डाळीच्या पोत्याले त्यानं एकदा भोक पाडलं, दोन किलो तूर डिक्कीभर. त्याचा काळा रंग तोंडाजवळ पहिल्याच वापरात निघाला अन् तिथं गंज धरून राहिला, म्हणून मी आता ऑइलचा पोचारा मारून ठेवतो. 12 चा पाना चांगला आहे पण रिंगच्या काठावर क्रोमची बारकी पापडी निघाली, बोटाले लागली. बाकी पाने जुन्या सायकलच्या ट्यूबात खुपसून दोन्ही तोंडाले सुतळी बांधली, खड्ड्यात खडखड बंद, अन् रबरामुळं ओलही लागत नाही.

सगळं मिळून क्रॉस 380, चार पाने 430, स्क्रू पाना 190, हजार रुपये बरोबर. पाइप अन् फळी घरचीच. पेटीपेक्षा अडीचशे जास्त.

एकच राहिलं. मेव्हण्यानं ओढून लांब होणारा व्हील पाना घेतला, हात दीड-पावणेदोन फुटाचा होते, दोन उलटसुलट गोट्या येतात, जागा कमी खाते, पाइपाची गरज नाही असं तो सांगून राहिला. मले त्याच्या ओढाच्या जागेवरच्या बारक्या खिट्टीवर शंका आहे. अक्षय तृतीयेले तो येणार आहे, माह्या गननं कसलेल्या नटावर लावून पाहतो, टिकला तर इथंच सांगतो, तुटला तर फोटो टाकतो.