डिस्क बर्न होत नाही: लॅपटॉपमधला रायटर दुरुस्त करावा की यूएसबीचा नवा घ्यावा?

आधी बिघाड खरंच ड्राइव्हचा आहे का ते बघा. दुसऱ्या कंपनीची कोरी डीव्हीडी घ्या, चार्जर लावा, इमगबर्न या बर्निंग सॉफ्टवेअरमध्ये वेग 'मॅक्स'ऐवजी 4 एक्स (मूळ वेगाच्या चौपट) ठेवा आणि 'व्हेरिफाय', म्हणजे लिहिलेलं पुन्हा वाचून ताडून बघणं, चालू ठेवा. एवढ्यावर काम झालं तर डिस्कच हलक्या प्रतीची होती. विंडोजच्या डिव्हाइस मॅनेजरमध्ये कोड 19 किंवा 39 दिसत असेल, तर बहुतेक वेळा रजिस्ट्रीतल्या (विंडोजच्या सेटिंग्जच्या साठ्यातल्या) अपरफिल्टर्स-लोअरफिल्टर्स या नोंदी नडतात. जुनं बर्निंग सॉफ्टवेअर काढलं तरी त्या मागे उरतात. त्यासाठी नवा ड्राइव्ह घेऊ नका.

'पॉवर कॅलिब्रेशन एरर' मात्र वेगळी गोष्ट. बर्न सुरू होण्याआधी ड्राइव्ह डिस्कच्या आतल्या कडेच्या राखीव जागेत थोडं लिहून लेसरची ताकद जुळवून बघतो. ते जमलं नाही की हा संदेश येतो. डिस्क बदलूनही तो येत असेल, तर लेन्स मळलेली किंवा लेसर थकलेला. लॅपटॉपच्या ड्राइव्हमध्ये लेन्स ट्रेवरच असते, त्यामुळे साफ करणं सोपं. लॅपटॉप बंद करा, पुढच्या बारीक भोकात सरळ केलेली पेपरक्लिप घालून ट्रे बाहेर काढा. इअरबड आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये जेमतेम ओला करून लेन्सवरून अलगद फिरवा. दाबू नका, लेन्स बारीक तारांवर तरंगत असते. पण सीडी नीट लिहिली जाते आणि डीव्हीडीच फसते, असं असेल तर साफसफाईवर फार वेळ घालवू नका. सीडीला 780 आणि डीव्हीडीला 650 नॅनोमीटरचा, असे दोन वेगळे लेसर लागतात. त्यातला दुसरा गेला असण्याचीच शक्यता जास्त.

मग ड्राइव्ह बदलायचा. बहुतेक मॉडेलमध्ये खालचा एक स्क्रू काढला की तो सरकून बाहेर येतो. नवा घेताना जाडी मोजा, 12.7 की 9.5 मिलिमीटर, आणि जुन्याची पुढची पट्टी व मागची क्लिप नव्याला लावा.

बाहेरच्या, म्हणजे यूएसबीच्या, रायटरसाठी लॅपटॉप खोलावा लागत नाही, पुढच्या लॅपटॉपलाही तो चालतो आणि आतली रिकामी जागा कॅडी (त्या जागेत बसणारी चौकट) घालून एसएसडीला देता येते. आमचा कल इकडेच. वेग वाढेल ही आशा मात्र नको: आत तोच पातळ ड्राइव्ह, कमाल साधारण 8 एक्स.

बाहेरच्या रायटरचं खरं दुखणं विजेचं. यूएसबी 2.0 पोर्ट 500 मिलिअँपिअर देतो, 3.0 पोर्ट 900. लिहिताना ड्राइव्ह त्याहून जास्त मागू शकतो. डिस्क वाचतो पण बर्न करताना टकटक करून मध्येच गायब होतो, तेव्हा ड्राइव्हला बोल लावण्याआधी हब काढा आणि दोन पोर्टमधून वीज घेणारी दोन टोकांची वाय केबल लावून बघा.

सेकंडहँड घेत असाल तर दुकानातच काठोकाठ भरलेली, म्हणजे विंडोज दाखवतं त्या हिशोबाने 4.3 जीबीची, डीव्हीडी बर्न करून व्हेरिफाय करून घ्या. 4 एक्सला लिहायलाच 14 मिनिटं जातील. 200 एमबीच्या चाचणीत लेसर आतल्या कडेलाच फिरतो, बाहेरच्या कडेचा दोष दिसतच नाही.