पाळकांच्या घरच्यांसाठी मागे काही ठेवायचंय: मृत्युपत्र, बक्षीसपत्र की मुदत ठेव?

आमचे पाळकसाहेब, म्हणजे चर्चचे धर्मगुरू, गेले तेव्हा त्यांच्या घरातलं स्वतःचं म्हणावं असं सामान मी पाहिलंय: दोन ट्रंका, शिलाई मशीन आणि पडवीत ओळीने ठेवलेल्या आगळाच्या बरण्या. घर मंडळीचं, म्हणजे चर्चचं. नवे पाळक येणार म्हणून पाळकबाईंना पावसाळ्याआधी ते रिकामं करावं लागलं. बॅप्टिस्ट परंपरेत प्रत्येक मंडळी आपला कारभार आपणच बघते, त्यामुळे कोकणातल्या लहान मंडळीच्या पाळकाला पेन्शन असेलच असं नाही. अमेरिकेतल्या बॅप्टिस्टांनी याच काळजीपोटी १९११ साली मिनिस्टर्स अँड मिशनरीज बेनिफिट बोर्ड काढलं. आपल्याकडे कुणी जाताना काही ठेवून गेलं, तर त्याचा फार मोठा आधार होतो.

माझा कल मृत्युपत्राकडे आहे. साधा कागद चालतो, मुद्रांक शुल्क नाही, नोंदणी ऐच्छिक, आणि हयातीत कितीही वेळा बदलता येतं. उद्या आजारपण निघालं तरी पैसे तुमच्याच हातात. ख्रिस्ती माणसाला जवळचे नातलग असतील, तर धर्मादाय देणगीसाठी मृत्युपत्र मरणाच्या किमान बारा महिने आधी केलेलं लागायचं. भारतीय उत्तराधिकार कायद्याचं ते कलम ११८ सर्वोच्च न्यायालयाने २००३ मध्ये जॉन वल्लामट्टम खटल्यात रद्द केलं. जुन्या माणसांच्या मनात ती धास्ती अजून असते, म्हणून मुद्दाम सांगतोय.

साक्षीदार मात्र जपून निवडा. ओळखीच्या एका आजींनी पाळकांच्या नावे रक्कम लिहिली आणि साक्षीला पाळकबाईंचीच सही घेतली. चहा घेऊन आल्या होत्या, म्हणून त्यांनाच बसवलं. भारतीय उत्तराधिकार कायदा, १९२५ च्या कलम ६७ प्रमाणे साक्षीदाराला किंवा त्याच्या जोडीदाराला ठेवलेली देणगी बाद होते. बाकी मृत्युपत्र टिकलं, पाळकांचा वाटा तेवढा गेला. मला ते अजून लागतं.

बक्षीसपत्राचा फायदा एवढाच की घर किंवा जागा तुमच्या डोळ्यांदेखत त्यांची होते, मागून भावकीत वाद नको. पण नोंदणी सक्तीची, मुद्रांक शुल्क भरायचं, आणि एकदा दिलं की सहसा परत घेता येत नाही. नारळीची वाडी द्यायची असेल तर आधी सातबारा वकिलाला दाखवा; शेतकरी नसलेल्याला शेतजमीन बक्षीस देताना कूळकायद्याचं कलम ६३ आडवं येतं. राहतं घर तर म्हातारपणी कुणालाच लिहून देऊ नका, पाळकांनासुद्धा.

मुदत ठेवीला नॉमिनी लावलं की झालं, असं पुष्कळांना वाटतं. नॉमिनी पैसे फक्त ताब्यात घेतो. हक्क वारसांचा किंवा मृत्युपत्रात ज्याचं नाव आहे त्याचा.

आता नाव कुणाचं घालायचं? एकट्या पाळकांचं घातलं आणि ते तुमच्याआधी गेले, तर ती देणगी सहसा त्यांच्या घरच्यांपर्यंत पोचत नाही. मंडळीचा न्यास धर्मादाय आयुक्तांकडे नोंदलेला असेल तर त्याचं पूर्ण नाव, नोंदणी क्रमांक आणि हेतू लिहा: ‘निवृत्त पाळक, पाळकांच्या विधवा व मुलांचं शिक्षण यांसाठी’. हेतू नसला तर पैसे प्रार्थनामंदिराच्या कौलांवर जातात. कौलंही लागतातच, पण तुम्ही ठेवलेत ते त्यासाठी नाही.

आकड्याऐवजी हिस्सा लिहिलेला बरा. मी माझ्या मृत्युपत्रात दहावा हिस्सा लिहिलाय आणि दोन्ही मुलांना बसवून वाचून दाखवलाय. पाळकबाईंच्या औषधांचे पैसे त्यात नाहीत. ते दर महिन्याच्या पहिल्या रविवारी उपासनेनंतर नेऊन देतो.