सजेशन ओरडून घ्यावं की चिठ्ठीवर?

इम्प्रोव्हचा, म्हणजे संहितेशिवाय आयत्या वेळी रचायच्या नाटकाचा, नवा ग्रुप निघाला की नाव ठरतं, पोस्टर होतं, तालमी होतात आणि पहिला प्रयोग चार दिवसांवर आल्यावर कुणीतरी विचारतं, "अरे, सजेशन कसं घ्यायचं?" सजेशन म्हणजे प्रेक्षकांनी दिलेला शब्द, ज्यावर सीन उभा करायचा. वाटा मुख्यतः दोन. होस्टने पुढे येऊन विचारायचं आणि लोकांनी जागेवरून ओरडायचं. नाहीतर दारातच कागद-पेन्सिल देऊन चिठ्ठ्या डब्यात टाकायला लावायच्या. मी दोन्ही प्रकार भरपूर केलेत. सध्या कुठल्या बाजूला झुकलोय ते पुढे कळेलच, पण चिठ्ठीची बाजू कच्ची आहे असं मुळीच नाही.

आधी ओरडण्याचा त्रास. ज्यांनी हे केलंय त्यांना तो पाठ असेल. पहिल्या दोन रांगांत कॉलेजचा कंपू बसलेला असतो. जागा विचारा, उत्तर संडास. व्यवसाय विचारा, गायनॅकॉलॉजिस्ट. नातं विचारा, एक्स. मग होस्टला सोयीस्कर बहिरेपण येतं. "संडास" स्वच्छ ऐकू आलेलं असतं, तरी तो कानाशी हात नेऊन म्हणतो, "काय? स्टेशन? वा, स्टेशन!" आणि स्टेशन कुणीच म्हटलेलं नसतं, हे सबंध हॉलला ठाऊक असतं. शिवाय मागे बसलेल्या, आवाज न चढवणाऱ्या माणसाला या सगळ्यात स्थानच नाही. चिठ्ठी त्याला ते देते. कंपूचा आवाज आणि मागच्या रांगेतल्या काकूंची पेन्सिल, डब्यात दोघांचं वजन सारखं.

चिठ्ठीचे किरकोळ त्रास लवकर उरकतो. स्टेजच्या दिव्यात पेन्सिलीचं लिखाण दिसत नाही. अर्ध्या लोकांनी मराठी रोमन अक्षरांत लिहिलेलं असतं, त्यामुळे 'मामा' की 'ममा' यावर दोन नटांचं तिथेच दुमत होतं. यावर उपाय आहेत: जाड स्केचपेन द्या, एकच शब्द मागा.

मला शेवटी चिठ्ठीपासून तोडलं ते वेगळ्याच गोष्टीने. माणसाला कागद, पेन आणि पाच मिनिटं मिळाली की तो सजेशन लिहीत नाही, विनोद लिहितो. "नवरा म्हणजे चालतंफिरतं एटीएम." "सासूबाईंचा वायफाय पासवर्ड." होस्ट वाचतो, हॉल खो खो हसतो, आणि दोन नट पुढे येऊन उभे राहतात. आता करायचं काय? एक जण नवरा होतो, कार्ड घातल्यासारखं करतो, दुसरी पोटावरची बटणं दाबते. आवाज येतो, पैसे येत नाहीत. पंधरा सेकंदांत संपलं. पण सीन चार मिनिटांचा आहे आणि त्यातला सगळ्यात मोठा हशा सीन सुरू होण्याआधीच चिठ्ठीने नेलेला आहे. नट त्याच्या मागे धावत राहतात. एखाद्या प्रयोगात हे चालून जातं. दर वेळी व्हायला लागलं तेव्हा डबा बघूनच माझ्या कपाळाला आठ्या पडू लागल्या.

कुणी म्हणेल, 'हूज लाइन इज इट एनीवे?' या इंग्रजी टीव्ही कार्यक्रमात तर टोपीतून चिठ्ठ्या काढतात आणि केवढी धमाल येते! येते ना. पण त्या खेळात एक चिठ्ठी काही सेकंद चालते, जमलं तर हशा, नाही तर बझर, की पुढची. शिवाय चिठ्ठ्या आधी मागवून त्यातल्या बऱ्या तेवढ्याच टोपीत घालतात, हे होस्ट स्वतःच सांगतो. तयार विनोदाला तयार विनोदाएवढाच वेळ दिलाय, म्हणून ते जमतं. तुमचा प्रयोग असल्या छोट्या खेळांचा असेल तर डबा खुशाल ठेवा. उलट शिकागोचे इम्प्रोव्ह-गुरू डेल क्लोज यांच्या 'हॅरल्ड'सारखं काही करायचं असेल, जिथे एका सजेशनवर अर्धा तास उभा करायचा असतो, तिथे विनोदी चिठ्ठी म्हणजे सुरुवातीलाच गळफास.

आणखी एक मुद्दा विश्वासाचा. शिकागोत १९५५ मध्ये कम्पास प्लेयर्स आणि १९५९ पासून सेकंड सिटी हे इम्प्रोव्हचे ग्रुप प्रेक्षकांकडून विषय घेऊ लागले. समोरून ओरडून घेतलं की हा शब्द आत्ता, सगळ्यांसमोर आला, याची खात्री मिळते. चिठ्ठी कुणी लिहिली हे कुणीच पाहिलेलं नसतं, त्यामुळे सीन फारच रंगला तर "ठरवून आणलंय" अशी कुजबुज होते. त्याच शिकागोतले टी. जे. जॅगोडॉव्स्की आणि डेव्हिड पास्केसी ही इम्प्रोव्ह करणारी जोडी, ते सजेशन घेतच नाहीत, हे सगळं आत्ता रचतोय एवढंच सांगून सुरू करतात. आपल्या कोकणातल्या दशावतारालाही पुरावा द्यावा लागत नाही. आख्यान त्या दिवशी ठरतं, संवाद उभ्या उभ्या होतात आणि समोरच्या गावाला ते माहीत असतं. शहरातल्या नव्या ग्रुपची अजून ती पत नसते, म्हणून सजेशनच न घेण्याची ही तिसरी वाट मी इथे धरत नाही.

मग संडासाचं काय? माझ्यापुरतं उत्तर असं, की दोष ओरडण्यात कमी आणि प्रश्नात जास्त असतो. "एक जागा सांगा!" असं सगळ्या हॉलला विचारलं की स्पर्धा लागते. त्याऐवजी एका माणसाकडे बघून एक बारीक प्रश्न विचारा आणि थांबा. आमच्या एका प्रयोगात होस्टने चौथ्या रांगेतल्या बाईंना विचारलं, "घरातली कुठली वस्तू कुणीतरी नेलीय आणि परत येत नाहीये?" त्यांनी क्षणभरही विचार न करता सांगितलं, "इडलीपात्र. जाऊबाईंकडे." हॉल हसला, पण ते हसणं ओळखीचं होतं, त्यात विनोद संपला नव्हता. सीनमध्ये धाकटी जाऊ इडल्या करूनच वाढते, थोरली प्रत्येक घासाला पात्राकडे बघते, आणि मागायचं मात्र दोघींतली कुणीच काढत नाही. इतकं साधं सजेशन मला डब्यातून क्वचितच मिळालंय. विचार करायला वेळ मिळाला असता तर त्या बाईंनीही बहुधा एटीएमच लिहिलं असतं.

मिळालेलं उत्तर होस्टने मोठ्याने परत म्हणायचं, मागच्यांसाठी. आणि माइक प्रेक्षकाच्या हातात द्यायचा नाही. दिला की इडलीपात्राबरोबर जाऊबाईंचं नाव, सोसायटी आणि लग्नातल्या मानपानाचा इतिहासही येतो.

डबा मी टाकून दिलेला नाही. प्रेक्षकांनी लिहिलेली वाक्यं खिशात ठेवून सीनच्या मध्येच काढून वाचायची, या खेळात चिठ्ठीला तोड नाही. तिथे वाक्य जितकं आगाऊ तितकं बरं, कारण सीन आधीच उभा असतो. आणि ऑफिसच्या कार्यक्रमात तर चिठ्ठ्याच लागतात. साहेब पहिल्या रांगेत असताना कुणी तोंड उघडत नाही. फक्त तिथे स्टेजवर नसलेल्या एका माणसाला चिठ्ठ्या विंगेत चाळायला बसवा. साहेबांचं नाव असलेल्या त्याने बाजूला काढायच्या, आणि त्यात काय होतं ते प्रयोग संपेपर्यंत नटांना सांगायचं नाही.