‘नो युवर कॅन्डिडेट’ ॲप : मालमत्ता कळते, भूमिका कळत नाही

महाराष्ट्र विधानसभेच्या २०२४ च्या निवडणुकीत आमच्या मतदारसंघातील उमेदवार पारखण्यासाठी निवडणूक आयोगाचे हे मोफत ॲप मी वापरले. राज्य आणि मतदारसंघ निवडला की उमेदवारांची यादी, छायाचित्रे आणि प्रत्येकाने उमेदवारी अर्जासोबत ‘नमुना २६’ या ठरावीक नमुन्यात दिलेले शपथपत्र समोर येते. सर्वोच्च न्यायालयाच्या २००२ च्या निकालामुळे खुली झालेली ही माहिती भरघोस आहे: उमेदवार, जोडीदार आणि अवलंबितांची मालमत्ता, कर्जे, शिक्षण, गेल्या पाच वर्षांच्या प्राप्तिकर विवरणपत्रांतील उत्पन्न आणि प्रलंबित फौजदारी खटले. सोन्याचे वजन आणि जमिनीचा गट क्रमांकसुद्धा सापडतो.

शपथपत्रे मात्र स्कॅन केलेल्या प्रतींच्या रूपात असल्यामुळे, नोटरीच्या शिक्क्याखाली दडलेले आकडे मोबाइलवर वाचताना डोळे अक्षरशः शिणतात आणि दोन उमेदवारांची तुलना कागद-पेन घेऊनच करावी लागते.

खरी उणीव वेगळीच आहे. सोयाबीनचा हमीभाव, पिण्याचे पाणी, मराठा आरक्षण किंवा ‘लाडकी बहीण’ योजनेसाठीची तरतूद याबाबत उमेदवार सभागृहात कोणती बाजू घेणार, याविषयी नमुन्यात रकानाच नाही, त्यामुळे ॲपला तरी दोष कसा द्यावा? पक्षाचा जाहीरनामा राज्यापुरता बोलतो आणि उमेदवाराचे पत्रक बहुधा नेत्यांच्या छायाचित्रांनीच भरलेले असते. खटल्यांची छाननी करायची असेल तर ॲप जरूर घ्यावे. धोरणांसाठी मात्र प्रचारसभेत उभे राहून प्रश्न विचारणे हाच सध्याचा मार्ग आहे, अर्थात माइक हाती आला तर.