एक्स्टेंडर की मेश? आधी भिंती बघा

गोव्यात पर्वरीच्या भावाच्या फ्लॅटमध्ये दोन हजारांच्या आतल्या वायफाय एक्स्टेंडरने काम भागलं. तसलाच एक्स्टेंडर फोंड्याकडच्या आमच्या मूळ घरात लावला तर आठवड्याभरात तो कपाटात गेला. म्हणून वायफाय घरभर पोचवायला एक्स्टेंडर घेऊ की मेश (एकत्र चालणाऱ्या वायफाय डब्यांचा संच), असं कुणी विचारलं की मी उलट विचारतो, घराच्या भिंती कसल्या?

नव्या बिल्डिंगमधल्या आतल्या भिंती चार-सहा इंचांच्या असतात. आमच्याकडे दीड फुटाचा चिरा, म्हणजे जांभा दगड, मधे राजांगण, म्हणजे घराच्या आतलं उघडं अंगण, आणि राऊटर पुढच्या ओसरीवर, कारण फायबरवाल्याला तिथेच सोयीचं पडलं. चिरा सच्छिद्र असतो. पावसाळ्यात तो ओल धरतो आणि ओली भिंत वायफायच्या लहरी जास्त शोषते. वायफायचे नेहमीचे बँड, म्हणजे लहरींचे पट्टे, दोन. त्यातला वेगवान ५ गिगाहर्ट्झचा सिग्नल अशा दोन भिंतींत दम तोडतो. २.४ वाला रखडत पोचतो, पण त्याचा वेग मुळातच कमी, वर मायक्रोवेव्ह सुरू झाला की तोही अडखळतो.

एक्स्टेंडर करतो काय, तर राऊटरचा सिग्नल ऐकतो आणि तोच पुढे ओरडून सांगतो. स्वस्तातले एक्स्टेंडर ऐकणं आणि सांगणं एकाच रेडिओवर आळीपाळीने करतात, त्यामुळे वेग साधारण निम्म्यावर येतो. दोन्ही बँड वापरणाऱ्यांत ही घट कमी असते. माझी चूक वेगळीच होती. जिथे सिग्नल नव्हता त्या मागच्या खोलीतच मी तो लावला. कोरड्या विहिरीवर पंप बसवण्यातली गत! फोनवर वायफायच्या सगळ्या रेघा दिसायच्या, पण त्या एक्स्टेंडरच्या, इंटरनेट नावाला. तो राऊटर आणि मागची खोली यांच्या अधेमधे, जिथे सिग्नल अजून बरा आहे तिथे लावायचा असतो. आमच्याकडे त्या जागी नेमका प्लग नाही, देवघर आहे.

दुसरी कटकट चालण्याफिरण्याची. बहुतेक एक्स्टेंडरांत फोन एका सिग्नलला चिकटून बसतो. ओसरीवरून बोलत बोलत मागे गेलात तरी तो जुन्या, मरतुकड्या राऊटरलाच धरून ठेवतो आणि व्हिडिओ कॉल गोठतो. एकाच खोलीत टीव्ही किंवा लॅपटॉप चालवायचा असेल तर याने काही बिघडत नाही. भावाची गरज तेवढीच होती, म्हणून त्याला जास्त खर्च करू नकोस असंच सांगितलं.

मेशमध्ये दोन-तीन डबे एकाच नावाखाली चालतात आणि फोनला जवळच्या डब्याकडे वळवतात. शेवटचा निर्णय फोनच घेतो, त्यामुळे जुने फोन कधीकधी हट्ट करतातच, पण एकूण सुख. मोबाइलवरच्या ॲपमधून सगळं दिसतं, नाव-पासवर्ड एकदाच. जोडी पाच-सहा हजारांच्या आसपास सुरू होते, चांगली घ्यायची तर दहाच्या पुढे. घेताना केबल जोडायचा पोर्ट गिगाबिट (१००० एमबीपीएसचा) आहे का ते खोक्यावर वाचा. स्वस्त जोड्यांत कधी १०० एमबीपीएसचाच पोर्ट असतो, मग ३०० चा प्लॅन घेऊन उपयोग काय? तीन बँडवाला मेश असेल तर तिसरा बँड डब्यांना आपसात बोलायला मोकळा ठेवता येतो. पण दीड फुटाचा चिरा त्यालाही ५ गिगाहर्ट्झवर सोडत नाही, हे जाहिरातीत कुणी लिहीत नाही.

म्हणून जुन्या घरासाठी माझं मत स्पष्ट आहे: मेश घ्या, पण दोन डब्यांमध्ये कॅट-६ केबल (नेटवर्कची लॅन केबल) ओढा. १०० मीटरपर्यंत ती बिनघोर चालते, एवढं लांब घर कुणाचं असतं? आम्ही ती वळचणीखालून पाइपात घालून मागे नेली. आता मागच्या खोलीत पुढच्याइतकाच वेग मिळतो. केबल ओढायचीच असेल तर जुना पडून असलेला राऊटरही ॲक्सेस पॉइंट मोडमध्ये (केबलने आलेलं इंटरनेट नुसतं वायफायवर द्यायचं) टाकून चालतो, म्हणजे खर्च फक्त केबलचा. एका राऊटरवरून दुसऱ्यावर जाताना फोन क्षणभर अडखळेल, एवढंच. तो मोड नसेल तर त्यातलं डीएचसीपी, म्हणजे फोन-लॅपटॉपांना नेटवर्कचे पत्ते वाटणारी सोय, बंद करा, नाहीतर दोन राऊटर घरभर वेगवेगळे पत्ते वाटत बसतील.

बाहेरून केबल नेणाऱ्यांना एक सांगणं. फायबर काचेचा, त्यातून विजेचा धक्का येत नाही. लॅन केबल मात्र तांब्याची. पावसाच्या तोंडावर गडगडाट सुरू झाला की दोन्ही टोकांचे डबे प्लगमधून आणि केबलमधून काढून ठेवायचे. आमच्या एका शेजाऱ्याने नारळ सुकवायच्या खोपीपर्यंत केबल नेली होती, एका रात्रीत दोन पोर्ट गेले.

वीज गेल्यावरची गंमत तर दोन्हींना सारखीच. राऊटर इन्व्हर्टरवर असतो, पण मागचा एक्स्टेंडर किंवा मेशचा डबा साध्या प्लगवर. घरात वायफाय आहे आणि मागे नाही, मग सगळे राऊटरला शिव्या देतात. तो प्लगही इन्व्हर्टरच्या लाइनवर घ्या.

घ्यायच्या आधी फोनवर सिग्नल मोजणारं फुकट ॲप टाकून घरभर फिरा. उणे ६५ डीबीएमच्या (सिग्नलच्या ताकदीचं माप) आसपास आकडा असेल तिथे सगळं नीट चालतं, उणे ८० कडे गेला की संपलं. एकाच खोलीत आकडा पडत असेल तर एक्स्टेंडर पुरेल. राजांगण ओलांडल्यावर सगळीकडेच पडत असेल तर मेश आणि केबल. आणि हे चवथीच्या, म्हणजे गणपतीच्या, आधी उरका. मुंबई-पुण्याहून माणसं आली की घरात वीस फोन होतात, आणि केबल ओढणारा त्या आठवड्यात स्वतःच्या घरी माटोळी (गणपतीच्या वर टांगायची फळा-फुलांची चौकट) बांधत असतो.