नऊ वर्षं एकाच खात्यात राहिले, त्याचा हिशेब

कंपनीचं नाव लिहीत नाही. ज्या चार-पाच बड्या कंपन्यांपैकी एकीचं तरी खातं आपल्या प्रत्येकाकडे असतं, त्यांतलीच ही एक. मेल, फोटो, कागदपत्रं, दिनदर्शिका, फोनचा बॅकअप, सगळं एका पासवर्डवर. मी मुद्रितशोधक आहे, दिवसभर दुसऱ्यांच्या चुकांवर लाल खुणा करते. परीक्षण लिहितानाही हात आधी चुकांकडेच जाणार, म्हणून चांगलं आधी लिहून टाकते, नाहीतर राहून जाईल.

मेलमधला शोध अफलातून. एका लेखकाने सहा वर्षांपूर्वी ‘हा परिच्छेद पुढच्या आवृत्तीत गाळा’ असं कळवलं होतं. मला त्यातला फक्त ‘गाळा’ आठवत होता. तेवढ्यावर मेल सापडला. (गाळा भाड्याने देणे आहे, अशा तीन जाहिरातीही सापडल्या, पण ते असो.) नको त्या मेलांची चाळणी इतकी बारीक की नऊ वर्षांत एखाद-दुसरं कामाचं पत्र त्यात अडकलं असेल. एकाच प्रूफवर लेखक, संपादक आणि मी एकाच वेळी खुणा करू शकतो, हे तर आमच्या धंद्यात स्वप्नवत होतं. इथपर्यंत पाच तारे. हातचं राखून ठेवत नाही.

मग एका मंगळवारी सकाळी पडद्यावर आलं: तुमच्या खात्यात नियमबाह्य हालचाल आढळल्याने खातं स्थगित केलं आहे. कोणती हालचाल, ते नाही. घर फिरलं की घराचे वासेही फिरतात म्हणतात, ते त्या दिवशी कळलं. मेल गेला, फोटो गेले, तीनशे बारा पानांचं तपासून संपत आलेलं चरित्र गेलं. इतर ज्या संकेतस्थळांवर ‘याच खात्याने आत या’ असं बटण दाबून मी गेले होते, तीही दारं लागली. अपील करायचा फॉर्म होता. तो भरल्यावर पोच आली म्हणे, पण कुठे? बंद झालेल्या त्याच मेलवर. पर्यायी पत्ता दिला होता, तोही त्याच कंपनीचा, आणि त्याचीही उलटतपासणी सुरू झालेली. माणूस कुठेच नाही. अकराव्या दिवशी खातं उघडलं, बंद झालं होतं तितक्याच मुकाट्याने.

त्या अकरा दिवसांसाठी मी तारे कापत नाही. चुका होतात, माझ्याही होतात. तारे कापते ते पुढच्या गोष्टीसाठी: मी बाहेर पडायचं ठरवलं.

‘तुमची माहिती उतरवून घ्या’ अशी सोय आहे. युरोपच्या जीडीपीआर कायद्याने 2018 पासून आपली माहिती उचलून दुसरीकडे नेण्याचा हक्क तिथल्या लोकांना दिला, आणि अशा सोयी युरोपबाहेरही मिळतात. मला त्रेचाळीस फायली मिळाल्या. फोटो होते, पण तारखा निखळलेल्या. नव्या जागी चढवल्यावर बाबांचा पंचाहत्तरावा वाढदिवस आणि भाचीचा शाळेतला पहिला दिवस एकाच दुपारी साजरे झाले. प्रूफं पाहून मात्र मी खुर्चीत टेकलेच. समासातल्या माझ्या सगळ्या खुणा समासातून उचलून शेवटच्या पानावर ढीग घातला होता. ‘इथे ऱ्हस्व’, ‘इथे ऱ्हस्व’, ‘हे वाक्य लेखकाला विचारा’. इथे म्हणजे कुठे? कायद्यापुरतं सगळं दिलं, उपयोगापुरतं काही नाही.

भाचा म्हणाला, “मावशी, या कंपन्या फोडल्याशिवाय सरळ व्हायच्या नाहीत.” रागात मीही हो म्हटलं. पण वाक्य दुसऱ्यांदा वाचल्याशिवाय पुढे जायचं नाही, ही आमची सवय. फोडल्या असत्या तर माझं काय झालं असतं? मेलवाली कंपनी वेगळी, फोटोवाली वेगळी असती, तर त्या मंगळवारी एकच दार लागलं असतं. हा फायदा खरा, आणि मोठा. पण मेलवाल्या छोट्या कंपनीनेही माझा पत्ता तसाच अडवला असता, आणि प्रूफवाल्या कंपनीने खुणांचा तसाच ढीग घातला असता.

अमेरिकेत एटी अँड टी ही टेलिफोन कंपनी 1984 मध्ये फोडली, तिच्यातून सात प्रादेशिक कंपन्या निघाल्या. त्या कहाणीत मला आवडतो तो फोडण्यामागचा बारकावा. त्याआधी लांबच्या कॉलसाठी प्रतिस्पर्धी कंपनी वापरायची तर आधी एक स्थानिक नंबर फिरवा, मग आपला सांकेतिक क्रमांक, मग हवा तो नंबर. एटी अँड टीच्या गिऱ्हाइकाला हे काही नाही. फोडताना प्रादेशिक कंपन्यांना बजावलं की सगळ्यांना सारखीच जोडणी द्या. स्पर्धा वाढली ती तुकड्यांइतकीच या जोडणीमुळे, असं माझं मत. आणि त्याआधी 1968 मध्येच कार्टरफोन खटल्यात ठरलं होतं की जाळ्याला इजा होत नसेल तर बाहेरचं उपकरणही त्याला जोडता येईल. तुकड्यांचं पुढे काय झालं? त्यांतल्याच एकाने, एसबीसीने, 2005 मध्ये मूळ एटी अँड टी विकत घेतली आणि तिचंच नाव लावलं. स्टँडर्ड ऑइलचे 1911 मध्ये चौतीस तुकडे केले, त्यांतल्या दोघांचे वारस एक्सॉन आणि मोबिल 1999 मध्ये पुन्हा एकत्र आले.

म्हणून फोडूच नये, असं मात्र मी म्हणत नाही. जाहिरातींच्या बाजारात जागा विकणाऱ्याचं साधन, जाहिरात देणाऱ्याचं साधन आणि मधला लिलाव, तिन्ही एकाच्याच हातात असतील तर कुंपणच शेत खातं. तिथे नुसतं दार उघडून भागत नाही. एप्रिल 2025 मध्ये अमेरिकेच्या न्यायालयाने गूगलविरुद्ध निकाल दिला, तो याच बाजारातल्या बेकायदा मक्तेदारीचा. लिलाव करणारा आणि बोली लावणारा वेगळे करा, याला मी बिनदिक्कत मत देईन.

गूगलवरच्याच दुसऱ्या, शोधयंत्राच्या खटल्यात गोष्ट निराळी. 2022 या एका वर्षात सफारी या ॲपलच्या ब्राउझरमध्ये आपलं शोधयंत्र आधीपासून लावलेलं असावं म्हणून गूगलने ॲपलला 20 अब्ज डॉलर दिले, हे त्यात उघड झालं. लोक आपणहून आमच्याकडेच येतात म्हणायचं आणि उंबरठ्यावर उभं राहायला एवढे पैसे मोजायचे, हे एका वाक्यात बसत नाही. ऑगस्ट 2024 मध्ये न्यायाधीश अमित मेहता यांनी गूगलला बेकायदा मक्तेदार ठरवलं. सप्टेंबर 2025 मध्ये त्यांनी गूगलला क्रोम हा आपला ब्राउझर विकायला लावलं नाही, पण ‘फक्त आम्हालाच ठेवा’ असे करार बंद केले आणि शोधाची काही माहिती स्पर्धकांना द्यायला सांगितली. भाचा या निकालावर चिडला. मी अर्धवट खूष. त्याच नोव्हेंबरात फेसबुकवाल्या मेटा कंपनीपासून इन्स्टाग्राम आणि व्हॉट्सॲप वेगळं करण्याची अमेरिकी सरकारची मागणी न्यायालयाने फेटाळली, तेव्हा दोघंही गप्प बसलो. मेटाने ती दोन्ही विकत घेतली ती 2012 आणि 2014 मध्ये. ती खरेदी तेव्हाच अडवायला हवी होती, हे आता म्हणणं तपासनीसाने छापून झालेल्या पुस्तकात चूक दाखवण्यासारखं आहे.

मला हवं ते युरोपच्या डिजिटल मार्केट्स कायद्यात थोडंफार सापडतं. मार्च 2024 पासून तिथे या बड्यांवर बंधन आहे की माणसाला आपली माहिती सतत आणि वापरण्याजोगी नेता आली पाहिजे. व्हॉट्सॲपसारख्या मोठ्या निरोप-सेवांनी मागणी आल्यास बाहेरच्या सेवांशी जोडणीही द्यायची आहे. मेलला हे पहिल्यापासून जमलं आहे: 1982 च्या खुल्या नियमावर तो चालतो, म्हणून कुठल्याही कंपनीतून कुठल्याही कंपनीत पत्र जातं. फक्त पत्ता हलत नाही. शेवटी मी स्वतःच्या नावाचं डोमेन, म्हणजे पत्त्यातलं @ नंतरचं नाव, घेतलं आणि मेल दुसऱ्या, लहान कंपनीकडे नेला. तिचा शोध सुमार आहे. ‘गाळा’ टाकलं तर काहीच येत नाही, जाहिरातीसुद्धा नाहीत.

तारे: आतल्या सेवेला पाच, दाराला शून्य, म्हणून अडीच.

हत्ती गेला, शेपूट राहिलं आहे. दोन संकेतस्थळांना अजून पत्ता बदलता येत नाही, त्यांचे ओटीपी जुन्याच मेलवर येतात. वापर नाही म्हणून खातं पुसलं जाऊ नये यासाठी दर महिन्याच्या एक तारखेला मी आत जाते आणि कुठलं तरी एक पत्र उघडून बंद करते. परवा उघडलं ते त्यांचंच होतं: तुमची जागा भरत आली आहे, जास्तीची विकत घ्या.